3 लिटर 50 मिली म्हणजे 350 मिली? चौथी-पाचवीच्या मुलांना द्रवाची मापं कशी शिकवावीत?

प्रश्न : जांबोटीकडची बाई

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढच्या एका गावात, सरकारी मराठी शाळेत शिकवते. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात, दोन्हींचं गणित माझ्याकडं. सध्या द्रवाची मापं चालू आहेत आणि घोडं एकाच ठिकाणी अडलंय.

1 लिटर म्हणजे 1000 मिलिलिटर हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. 4 लिटरचे मिलिलिटर करा म्हटलं की 4000 लिहितात. 2 लिटर 350 मिली दिलं की 2350. इथवर सगळं बरोबर. मग मी फळ्यावर 3 लिटर 50 मिली लिहिते आणि अर्ध्याहून जास्त वह्यांत 350 मिली येतं. 2 लिटर 5 मिलीचं 25 मिली होतं. उलट बाजूनं 4075 मिली दिलं तर कुणी 40 लिटर 75 मिली लिहितं, कुणी 407 लिटर 5 मिली.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. ही मुलं मापाला नवखी नाहीत. पाचवीतला एक मुलगा रोज सकाळी डेअरीला दूध घालून मग शाळेला येतो. पावतीवर लिटर किती, फॅट किती, दर किती लागला हे घरी आजोबांना तोच वाचून दाखवतो. त्याच्याच वहीत 3 लिटर 50 मिलीचे 350. मी विचारलं, "नुसत्या 3 लिटरचे किती?" म्हणाला, "तीन हजार." "मग त्यात अजून पन्नास घातल्यावर साडेतीनशे कसे झाले रे?" वहीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "खरं बाई, शून्य किती घालायची तेच कळंना झालंय."

म्हणजे त्याच्या लेखी हे गणित शून्यांचं आहे, पाण्यादुधाचा त्याच्याशी संबंधच नाही. किलोलिटर, हेक्टोलिटर, डेकालिटर ही सगळी उतरंडही मी फळ्यावर मांडून बघितली. मुलांनी ती पाठ केली. वह्यांत फरक पडला नाही.

शाळेत एक लिटरचं आणि एक पाव लिटरचं पत्र्याचं माप आहे. काचेचं मोजपात्र नाही. बाटल्या मुलं घरून आणतील. सुरुवात कुठून करू? पाणी ओतण्यात किती दिवस घालवावेत? हे मधलं शून्य पक्कं कसं करावं? आणि पालक विचारतात, "बाई, पोरं शाळेत नुसतं पाणी खेळायला येतात काय?" त्यांना काय सांगू?

उत्तर : येळ्ळूरचे गुरुजी (निवृत्त)

बाई, त्या मुलानं दुखणं नेमकं सांगितलंय. त्याला मिलिलिटर किती लहान असतो हे हाताला माहीत नाही. लिटर माहीत आहे, कारण डेअरीत तो रोज बघतो. 50 मिली त्यानं वेगळं कधी ओतलेलंच नाही. म्हणून 50 हा त्याच्यासाठी 3 च्या पुढं लिहायचा एक आकडा आहे, बाकी काही नाही.

मी सांगतो त्या क्रमानं करून बघा. घाई करू नका.

पहिल्या दिवशी एकही आकडा नको. एक उंच निमुळता ग्लास आणि एक पसरट वाडगा घ्या. पाव लिटरच्या मापानं दोन्हींत एकेक माप पाणी घाला आणि विचारा, जास्त कशात आहे. जीन पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांवर हाच प्रयोग केला होता. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे मुलांना साधारण सात वर्षांच्या आसपास उमजायला लागतं, असं त्याचं म्हणणं. तुमची मुलं त्याहून मोठी आहेत, तरी दोघं-तिघं "उंच ग्लासात जास्ती हाय" म्हणतीलच. त्यांना तुम्ही उत्तर सांगू नका. ग्लासातलं पाणी परत मापात ओतायला लावा. माप काठोकाठ भरलेलं बघितलं की वाद तिथंच मिटतो.

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या. औषधाच्या बाटलीवर येतं ते प्लॅस्टिकचं टोपण, ज्यावर 5 आणि 10 मिलीच्या रेघा असतात, ते प्रत्येक गटाला एक हवं. घरोघरी पडलेली असतात. गरम पाण्यानं धुवून घ्या. एक लिटरच्या रिकाम्या बाटलीला उभी कागदाची पट्टी चिकटवायची. टोपणानं 10 मिली, असं दहा वेळा ओतायचं आणि पाणी जिथं आलं तिथं रेघ मारून 100 लिहायचं. मग पुढची दहा टोपणं, 200. असं करत हजारापर्यंत. शंभर टोपणं ओतायची आहेत, वेळ लागतो, गलका होतो, फरशी ओली होते. होऊ द्या. एका लिटरात दहा मिलीची शंभर टोपणं मावतात हे हाताला कळायला दुसरी वाट नाही. एकानं ओतायचं, एकानं मोठ्यानं मोजायचं, एकानं रेघ मारायची. मोजणारा चुकला की गटातली बाकीची मुलंच त्याला धरतात.

इथं एक गंमतीची गोष्ट घडते, ती हातची जाऊ देऊ नका. बाजारात मिळणारी पाण्याची बाटली मध्यावर बारीक असते आणि गळ्याशी निमुळती होते. त्यामुळं रेघा सारख्या अंतरावर येत नाहीत. कमरेपाशी दोन रेघांत जास्त अंतर पडतं, गळ्याशी तर फारच. मुलं म्हणतात, "गुरुजी, आमची चुकली." चुकलेली नसते. बाटली जिथं बारीक, तिथं तेवढ्याच पाण्याला जास्त उंची लागते. दोन गटांच्या पट्ट्या शेजारी धरा आणि त्यांनाच भांडू द्या. ज्यानं हे एकदा बघितलं तो पट्टीनं सारखे भाग पाडून मोकळा होत नाही.

वाचायची पद्धतही याच वेळी लावा. बाटली सपाट फळीवर, डोळा पाण्याच्या पातळीला. हातात धरून वरून बघितलं की चूक येणारच. काचेच्या किंवा बारीक नळीच्या कडेला पाणी किंचित वर चढतं, मधे खोलगट दिसतं. त्या खोलगट भागाचा तळ वाचायचा.

आता तुमचं अडलेलं गणित. तीन बादल्या मांडा. पहिलीत लिटरच्या मापानं तीन मापं आणि वर पाच टोपणं. दुसरीत तीन मापं आणि वर अर्धा लिटर, म्हणजे पाव लिटरची दोन मापं. तिसरीत बाटलीनं मोजून 350 मिली. मुलांना सभोवती उभं करा आणि विचारा, 3 लिटर 50 मिली यातली कुठली? तिसरीकडं बोट दाखवायला कुणी धजणार नाही, तिचा तळ जेमतेम झाकलेला असतो. पहिली आणि दुसरी यांत मात्र वाद होईल, आणि खरा धडा तिथं आहे. पाच टोपणं घातल्यावर पाणी वर आलेलं डोळ्यांना कळतच नाही. "पन्नास मिली एवढंसंच असतंय?" हे मुलाच्या तोंडून आलं की निम्मं काम झालं.

मगच फळा. चार घरं आखा : लिटर, शंभर मिली, दहा मिली, एक मिली. तीन मापं घातली, पहिल्या घरात 3. शंभरच्या रेघेपर्यंत काही घातलं का? नाही, तिथं 0. दहाची टोपणं किती? 5. सुटे मिली? 0. वाचा : 3, 0, 5, 0. 2 लिटर 5 मिलीला 2, 0, 0, 5. रिकाम्या घरात शून्य लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही, एवढा एकच नियम. एकक, दशक, शतक, हजार मुलांना येतंच. हे तेच आहे, फक्त हजाराच्या घरावर लिटर लिहिलंय. 4075 उलटं करताना हीच घरं. हजाराच्या घरात 4, म्हणजे 4 लिटर, उरलेले 075 म्हणजे 75 मिली. 40 लिटर यायला जागाच राहत नाही.

हेक्टोलिटर आणि डेकालिटर या वयाला सोडून दिले तरी काही अडत नाही असं माझं ठाम मत आहे. रोजच्या व्यवहारात ते कुणी वापरत नाही. किलोलिटर मात्र दाखवा. गच्चीवरची काळी टाकी हजार लिटरची असते, तोच किलोलिटर. एक मीटर लांब, एक रुंद, एक उंच अशा हौदात तेवढंच पाणी मावतं. पुठ्ठ्याचा 10 सेंटिमीटरचा चौकोनी डबा करा, आत प्लॅस्टिकची पिशवी घालून लिटरभर पाणी ओता, काठोकाठ बसतं. पाचवीची मुलं मग स्वतःच विचारतात की असे किती डबे त्या हौदात बसतील.

पालकांना काय सांगायचं म्हणता? एकदा शाळेत बोलवा आणि तुमच्याच मुलांना त्यांच्यासमोर मोजू द्या.

उत्तर : दूध संस्थेचा सेक्रेटरी, निपाणी भाग

गुरुजींचं सगळं पटलं. बाई, त्या पोराच्या पावतीबद्दल थोडं सांगतो, कारण माझा रोजचा दिवस त्या पावत्यांतच जातो.

पावतीवर 4.6 लिटर असं छापून येतं. पोरगं "चार पॉइंट सहा" वाचतं आणि आजोबा मान डोलावतात. त्याला विचारा, म्हणजे चार लिटर आणि वर किती मिली? माझ्या काट्यावर येणाऱ्या मोठ्या माणसांतही "चार लिटर सहा मिली" म्हणणारे आहेत. ते 600 मिली असतंय, सहाशे! सहा मिली दुधाला काय किंमत येणार? तुमच्या मुलांना पावत्याच आणायला सांगा. घरचं दूध, घरचा पैसा, त्यात चूक कुणाला परवडत नाही.

दुसरी गोष्ट किलो-लिटरची. पूर्वी लांब दांड्याच्या मापानं दूध मोजायचे. आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तो वजन घेतो. पाणी 1 लिटर म्हणजे 1 किलो. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, एका लिटरला साधारण 1 किलो 30 ग्रॅम. म्हणजे 10 किलो दूध भरलं की लिटरमध्ये ते 9 लिटर 700 मिलीच्या आसपास. "काट्यावर दहा दाखवलं आणि पावतीवर कमी कसं?" असं विचारत बाया-माणसं येतात. कुणी फसवलेलं नसतंय, किलोचं लिटर केलेलं असतंय. हे पोरांना लहानपणीच कळलं तर घरात समजावून सांगतील.

तेलाचं उलटं. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटरच्या पाकिटावर बारीक अक्षरात 910 ग्रॅम लिहिलेलं असतंय, वाचायला लावा. तेलाचा 15 किलोचा डबा घेतला तर त्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल बसतं. दुकानात 15 किलो आणि 15 लिटर असे दोन्ही डबे असतात. दर विचारताना कुठला ते बघायला पाहिजे.

आणि मापानं दूध मोजताना फेस बसू द्यायचा. ताज्या धारेच्या दुधावर फेस असतो, तो धरून माप भरलं तर दूध कमी जातं. मुलांना साबणाच्या पाण्यावर करून दाखवा.

उत्तर : वडगावची आई

माझी मुलगी पाचवीत आहे, तिची गाडी अगदी इथंच अडली होती. तिला ते मधलं शून्य नंदिनी दुधाच्या पाकिटानं कळलं.

तुमच्या लक्षात असेल, जून 2024 मध्ये नंदिनीनं पाकिटामागं 2 रुपये वाढवले आणि प्रत्येक पाकिटात 50 मिली दूध जास्त घातलं. अर्ध्या लिटरचं पाकीट 550 मिली झालं आणि एक लिटरचं 1050. एप्रिल 2025 पासून परत 500 आणि 1000. त्या काळातलं एक रिकामं पाकीट मी धुवून ठेवलं होतं, भाज्या बांधायला. ते तिच्यापुढं ठेवलं. एक लिटर आणि 50 मिली, आणि छापलंय 1050. तिनं स्वतःच म्हटलं, "आई, शून्य मधे हाय की!"

मग आम्ही भावाचं गणित केलं. निळ्या पाकिटाचे आधी 1000 मिलीला 42 रुपये होते, मग 1050 मिलीला 44. महाग झालं का? जुन्याच दरानं 50 मिलीचे 2 रुपये 10 पैसे होतात आणि वाढवले 2 रुपये. म्हणजे दर तसाच राहिला, फक्त दूध थोडं जास्त घ्यावं लागलं. तिनं हे आजीला इतक्या वेळा समजावलं की आजी म्हणाली, आता पुरे.

उत्तर : आशाताई, चिकोडी तालुका

बाई, एक विनंती. मापं शिकवताय तर ओआरएसचं पाकीट नक्की घ्या.

मी घरोघरी जाते. लेकराला जुलाब लागले की पाकीट देते आणि सांगते, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट. पुढच्या वेळी गेलं की कळतं, अर्धं पाकीट एका पेल्यात कालवून दिलंय. पेला दोनशे मिलीचा. अर्ध्या पाकिटाला अर्धा लिटर पाणी लागतं, म्हणजे मीठ-साखर अडीचपट दाट झाली. लहान लेकराला ते बाधतं. आया हुशार आहेत, माया पण आहे, फक्त लिटर म्हणजे घरातली कुठली भांडी हे ठरलेलं नसतं. तुमची मुलं घरी जाऊन "आई, आपल्या तांब्यात इतकं मिली मावतं" असं सांगायला लागली तर माझं मोठं काम होईल. प्रत्येक मुलाला घरातला एक तांब्या आणि एक पेला मोजून आणायला सांगा.

पाकीट नसेल तेव्हा घरचं : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हा चमचा 5 मिलीचा धरलाय. घरातले चमचे सारखे नसतात हे टोपणातल्या पाण्यानं मोजून दाखवा. म्हणूनच औषध कधी घरच्या चमच्यानं द्यायचं नाही, बाटलीबरोबर आलेल्या टोपणानंच द्यायचं.

उत्तर : कागवाडचा शेतकरी

मी शिकलेला कमी, खरं दोन गोष्टी सांगाव्या वाटल्या.

फवारणीचं औषध लिटरला 2 मिली सांगतात. पंप 15 लिटरचा, म्हणजे पंपाला 30 मिली. काही पंप 16 लिटरचे, त्याला 32. बाटली 250 मिलीची असली तर आठ पंप होतात आणि 10 मिली उरतं. हे गणित आमच्याकडं हिशोबानं न करता अंदाजानं टोपण ओततात. जास्त झालं की पान करपतं, पैसा जातो. पोरांना हे गणित घाला, पण हात रंगीत पाण्यालाच लावू द्या. खऱ्या औषधाची रिकामी बाटली सुद्धा वर्गात आणू नका.

दुसरं पुराचं. आम्ही कृष्णाकाठची माणसं. पावसाळ्यात कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, ही बातमी आली की गावात कुणाला झोप नाही. 2019 चा महापूर पोरांनी बघितलाय किंवा घरात ऐकलाय. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, आणि एक घनफुटात 28.3 लिटर. वीस लिटरचा कॅन भरून वर आठ लिटर आणि थोडं, एवढं एका सेकंदात. 50,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला 14 लाख लिटर. पाच हजार लिटरचे टँकर धरले तर सेकंदाला 283 टँकर. माझ्या पुतण्याला हे करून दाखवलं, तो सगळ्या गल्लीला सांगत सुटला.

टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे 2,832 कोटी. हिडकल धरण भरलं की साधारण 51 टीएमसी, कोयना 105. दिवसभर साडेअकरा हजार क्युसेकच्या वर पाणी सुटत राहिलं तर एक टीएमसी होतं. बातमीतला आकडा पोरांना वाचता आला पाहिजे असं मला वाटतं. आमच्या इथं तो आकडा बघूनच जनावरं कधी हलवायची ते ठरतं.

जांबोटीकडची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, बाटल्या झाल्या, बादल्या झाल्या. कमरेपाशी रेघांचं अंतर वाढलं तेव्हा एका गटानं पट्टी फाडून परत केली, तरी तसंच आलं. मग त्यांनी माझ्याकडं न येता शेजारच्या गटाची बाटली मागून घेतली. ते बघून फार बरं वाटलं.

पण मधलं शून्य पक्कं झालं ते दुधाच्या वेळेला. आमच्याकडं शाळेत सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध असतं, 2013 पासून सुरू आहे. दर मुलामागं 18 ग्रॅम पावडर, 150 मिली दूध. आता रोज पाचवीची मुलं हजेरी बघून हिशोब करतात आणि स्वयंपाकाच्या अक्कांना चिठ्ठी नेऊन देतात. एके दिवशी 46 हजर होते : 6900 मिली, 6 लिटर 900 मिली, पावडर 828 ग्रॅम. सगळ्यांचं जुळलं. दुसऱ्या दिवशी एक वाढला, 47. गुणाकार आला 7050. डेअरीला दूध घालणारा तो मुलगा चिठ्ठी लिहीत होता. त्यानं घरं आखली, 7, 0, 5, 0 लिहिलं आणि म्हणाला, "सात लिटर आणि पाच टोपणं." अक्का म्हणाल्या, टोपण-बिपण नको, मिली सांग. तेव्हा "सात लिटर पन्नास मिली" असं स्वच्छ सांगितलं. 705 नाही, 75 नाही.

अक्कांच्या हातच्या पेल्यात 150 मिली कुठपर्यंत येतं, तिथं मुलांनी रेघही मारून दिलीय. पेले सगळे एकाच आकाराचे नाहीत, त्यामुळं रेघा वेगवेगळ्या उंचीवर आल्या. "ह्याला कमी घातलं" ही रोजची तक्रार बंद झाली.

पालकांना शनिवारी बोलावलं होतं. आशाताई, तांब्याचं तुमचं म्हणणं मी त्यांच्यासमोरच ठेवलं. आया स्वतःच तांबे घेऊन मोजायला बसल्या. पाण्याबद्दल आता कुणी विचारत नाही.

आता पुढची अडचण. दशांश. 4.6, 4.60 आणि 4.06 यांतलं मोठं कुठलं म्हटलं की निम्मी मुलं 4.60 म्हणतात, कारण साठ मोठे. तीच घरं इथं चालतील का?

येळ्ळूरचे गुरुजी

चालतील, तीच चालवा. लिटरच्या घरानंतर एक ठळक टिंब द्या, बस. टिंबापुढचं पहिलं घर शंभर मिलीचं, दुसरं दहाचं, तिसरं एकाचं. 4.6 : लिटरच्या घरात 4, शंभरच्या घरात 6, पुढची दोन घरं रिकामी, तिथं शून्य. 4600 मिली. 4.60 ला दहाच्या घरात शून्य आधीच लिहून दिलंय, पाणी तेवढंच. 4.06 ला शंभरचं घर रिकामं, दहाची सहा टोपणं, 4060. ही तिन्ही पाण्यानं भरून दाखवा. 4.6 आणि 4.60 एकाच बाटलीत दोनदा मोजा, रेघ एकच येते. वडगावच्या ताईंचं पाकीट इथं परत काढा : 1050 मिली म्हणजे 1.05 लिटर, 1.5 नाही.

तुमच्या भागासाठी अजून एक. कणकुंबी-जांबोटीला पाऊस किती पडतो ते मी तुम्हाला काय सांगणार, मलप्रभा तिथंच उगम पावते. तो पाऊस मुलांना मोजायला लावा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. शाळेच्या पत्र्याचा 10 चौरस मीटरचा भाग धरला आणि रात्रीत 30 मिमी पडला, तर पन्हाळीतून 300 लिटर आलं. घागरी किती भरतील ते मुलं काढतील.

जांबोटीकडची बाई

हे फारच आवडलं गुरुजी. पावसाळ्यात मुलं कमी येतात, जी येतात त्यांना हे काम देते. तेलाचा चौकोनी रिकामा डबा चालेल का? अक्कांकडं दोन आहेत.

येळ्ळूरचे गुरुजी

चालेल, भिंती सरळ असल्या की झालं. वरचं तोंड पूर्ण कापून घ्या आणि कड हातोडीनं आत ठोकून घ्या, मुलांचा हात कापायला नको. झाडाखाली किंवा वळचणीला ठेवू नका, उघड्यावर ठेवा, खाली दोन विटा लावून हलणार नाही असा बसवा. तळाची लांबी-रुंदी मोजून ठेवा. समजा 24 बाय 24 सेंटिमीटर भरला, तर 1 सेंटिमीटर पाण्याला 576 मिली. आधी पट्टी आत उभी धरून उंची बघायची, मिली किती ते गुणाकारानं काढायचं, मग डबा तुमच्या रेघांच्या बाटलीत ओतून ताळा बघायचा. थोडाफार फरक येईल, तो का आला यावर मुलांना बोलू द्या.

हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. तुम्हीही तीच वेळ धरा आणि मोजून झालं की डबा रोज पूर्ण रिकामा करा.